मलकप्पा मिस्त्रींनी न चढवलेली साखळी

दुपारच्या सुट्टीत आम्ही वकील मंडळी कोर्टातल्या आमच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. कुणाच्या तरी अशिलाची थट्टा रंगात आली होती. तेवढ्यात नुकतीच सनद घेऊन आलेला एक तरुण वकील माझ्याकडे वळून म्हणाला, "दादासाहेब, तुमचे ते कुंकूमिस्त्री गेले म्हणे. चार दिवस झाले." 'कुंकूमिस्त्री' म्हटल्याबरोबर दोघा-तिघांना हसू फुटलं. गेलेल्या माणसाच्या नावाला हसणं बरं नव्हे, हे त्यांच्या ध्यानात यायला एक घोट चहा जावा लागला. मी कप खाली ठेवला... त्यांना काय दोष द्यायचा? ते नाव मीच ठेवलेलं. नऊ वर्षांपूर्वी याच साप्ताहिकाच्या दिवाळी पुरवणीत मी एक विनोदी लेख लिहिला आणि एका भल्या माणसाला ते नाव चिकटवून मोकळा झालो. त्याच्या मरणाची बातमीसुद्धा त्याच नावानं आली. संपादकांकडून मी ही जागा मागून घेतली आहे ती त्यासाठी. अशा लेखात गेलेल्याचे गुण सांगायची रीत आहे. मीही सांगणार आहे. पण त्यांच्यासोबत मला माझा एक अवगुण सांगायचा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मिस्त्रींचा एकही गुण तुम्हाला नीट दिसायचा नाही.

मलकप्पा मिस्त्री मूळचे दुधनीकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी आणि शेजारच्या विणकरांशी बोलण्यापुरती तेलुगू. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. तरुणपणी ते इथल्या एका गिरणीत फिटर होते, पुढे मंगळवार पेठेत सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक खण, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत कायम उलटी करून ठेवलेली एखादी सायकल. मी फटफटी घेतली तेव्हा सोलापुरात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची साडेतीन घोड्यांची जुनी गाडी मी घेतली. अक्कलकोटला आणि मंगळवेढ्याला संस्थानी कोर्टांत कामं असतात, म्हणून घेतली, असं मी सांगत असे. खरं कारण असं की गावातून ती घेऊन निघालं की लोक वळून वळून बघत! पण पहिल्याच वर्षात मागची साखळी तीनदा तुटली. अक्कलकोटचा रस्ता उन्हाळ्यात नुसता फुफाटा असतो, हे सोलापूरकरांना मी काय सांगू? ज्याला त्याला दाखवून झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, मंगळवार पेठेत मलकप्पांकडे न्या. मी नेली. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसले, साखळीवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्यावरचा काळा चिखल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "साहेब, तुमी हिला तेल पाजत न्हाय, माती चारताय की!"

मला ते झोंबलं, कारण मी रोज न चुकता तेल घालत असे. वरून, भरपूर. आणि तेच चुकत होतं. वरच्या तेलात धूळ बसते, मग साखळी दिवसभर स्वतःलाच उगाळत राहते, सहाणेवर गंध उगाळावं तशी. मिस्त्रींची रीत निराळी. दर दुसऱ्या रविवारी सकाळी गाडी न्यायची. ते साखळी काढून परातीत घासलेटमध्ये टाकत, काथ्याच्या कुंच्यानं कडी न् कडी घासत, दुसऱ्या स्वच्छ घासलेटात खंगाळत आणि खुंटीला टांगून निथळत ठेवत. तोवर एका पसरट डब्यात एरंडेल, मेण आणि काळ्या शिशाची पूड निखाऱ्यावर पातळ होत असे. त्यात साखळी बुडवायची, आत मुरू द्यायची, निवली की बाहेर काढून वरचा थेंबन् थेंब पुसून टाकायचा. "तेल आत पायजे, भाईर न्हाय," हे ते दर वेळी सांगत. त्यांच्या दाराच्या चौकटीत एकाखाली एक दोन खिळे होते. साखळी नवी होती तेव्हा तिच्या ठरलेल्या कड्या या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत बरोबर बसत. दर वेळी ती तिथे टांगून बघायची आणि खालच्या खिळ्याखाली किती उतरली त्यावरून तिचं वय सांगायचं. चढवल्यावर खालून बोटानं उचलून बघायची, अंगठाभर खेळ असला पाहिजे. याहून जास्त नाही, कमी नाही. माझ्याकडे एक विलायती पुस्तक होतं, त्यात साखळीला जनावराची चरबी लावा असं लिहिलं होतं. मी ते मोठ्या ऐटीत त्यांना वाचून दाखवलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "आसंल पुस्तकात. माझ्या गळ्यात लिंग हाय. चरबी ह्या उंबऱ्याच्या आत याची न्हाय." मी शास्त्र, प्रगती वगैरे शब्द त्यांच्यावर फेकून बघितले. ते कुंचा घासत राहिले. त्यांच्या हातात गेल्यापासून तीच साखळी चार वर्षं टिकली, हे मी कधी मोठ्यानं कबूल केलं नाही.

आता एक बारीकशी गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे. साखळी जिथे जोडतात तिथे एक सुटी कडी असते आणि त्या कडीवर नखाएवढी पोलादी पत्ती बसते. बायकांच्या केसांतला आकडा असतो ना, तशी. एक टोक बंद, दुसरं उघडं. मिस्त्री तिला 'लॉक' म्हणत. लॉक निघालं की कडी सुटते आणि सगळी साखळी मोकळी होते. लॉक बसवलं की मिस्त्री चाक एकदा हातानं फिरवायचे, मान वाकडी करून कान द्यायचे आणि म्हणायचे, "आयतु." कानडीत, झालं. तो शब्द ऐकला की मी निर्धास्त गाडीवर बसायचो.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. गिरण्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा पडतात, विणकरांच्या घरी माग धुऊन पुसून उभे असतात. मिस्त्री त्या दिवशी सकाळी आंघोळ करून माझ्या घरी येत. माझ्या गाडीची साखळी काढत, धुऊन तेल मुरवून तांब्याच्या ताम्हनात वेटोळं करून ठेवत, वर विभूती, कुंकू आणि दोन झेंडू. मग हात धुवायचे आणि दसरा उजाडेपर्यंत कुठल्याच हत्याराला शिवायचं नाही. "वरीसभर चाकाला बांधल्याली असती," ते म्हणत, "येक दिस मोकळी बसू द्या की तिला." माझ्या पत्नीला हे फार आवडे. ती त्यांना पाटावर बसवून दूध आणि केळं देई. मी सुधारक! मी वर्तमानपत्राच्या आडून हसत असे.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या वर्षीची खंडेनवमी. साखळी ताम्हनात बसली होती, मिस्त्री घरी गेले होते. दहाच्या सुमाराला निरोप आला की एक बडे अधिकारी अक्कलकोटच्या रस्त्यावरच्या बंगल्यात उतरले आहेत आणि तिसऱ्या प्रहरी सोलापुरात न थांबता पुढे जाणार आहेत. सरकारी वकील व्हायची माझी खटपट तेव्हा चालली होती. त्यांच्या नजरेस पडणं मला फार जरूर वाटत होतं, आणि नजरेस पडायचं तर फटफटीवरून. मी मिस्त्रींना बोलावणं धाडलं. ते आले, दारातच हात जोडून उभे राहिले. "आज न्हाय, साहेब. आज हत्याराला हात लावत न्हाय. उद्या उजाडताच येतो. आज टांग्यानं जावा की." टांग्यानं! टांग्यानं आलेल्या वकिलाकडे कोण मान वर करून बघतो? मी त्यांना जा म्हटलं आणि पुस्तक उघडलं. लॉकचं बंद तोंड चालीच्या दिशेला ठेवावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यात काय मोठंसं! पत्नी म्हणाली, "अहो, निदान कुंकू तरी पुसून घ्या." मी घासलेटाच्या चिंधीनं कुंकू चांगलं पुसलं. हे लक्षात ठेवा... कुंकू मी पुसलं होतं. साखळी चढवली, खालच्या बाजूला हात नीट पोचत होता म्हणून तिथेच जोडली, आणि लॉकचं बंद तोंड पुढच्या चाकाकडे करून बसवलं. गाडी पुढे जाते तेव्हा चालीची दिशा पुढे, एवढं मला कळत होतं.

वळसंगच्या अलीकडे समोरून मेंढरं आली. त्याच वेळी मागे खटकन् आवाज झाला, साखळी सुटून चाकात अडकली, गाडी घसरली आणि मी मेंढरांच्या मधोमध जाऊन पडलो. डोळे उघडले तर धनगर धावत येऊन वाकलेला. "लागलं न्हाय न्हवं, बाबा? कुटं लागलं?" मी म्हटलं, नाही, विशेष नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. तो माझ्या पायाशी अडकलेल्या कोकराला विचारत होता. माझा गुडघा फुटला होता, कोट फाटला होता, साहेबांची मोटार तासाभरानं माझ्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. गाडी बैलगाडीत घालून मी गावात शिरलो तो नेमका दसऱ्याच्या दिवशी, लोक सोनं वाटायला नवे कपडे घालून बाहेर पडलेले असताना. जो तो थांबून विचारी, "काय हो वकीलसाहेब, सीमोल्लंघन झालं वाटतं?"

दुसऱ्या दिवशी गाडी दुकानात नेली. मिस्त्रींनी सुटलेली कडी हातात घेतली. लॉक तर रस्त्यातच कुठेतरी गेलं होतं.

"लॉक कुनी लावलं, साहेब?"

"मीच."

"चेन जोडली कुटं? वर का खाली?"

"खाली."

"आन् बंद तोंड कुनीकडं?"

"पुढे. चालीच्या दिशेला. पुस्तकात तसंच लिहिलंय."

त्यांनी माझा हात धरला, माझं बोट एका सरळ उभ्या सायकलच्या साखळीवर, खालच्या बाजूला ठेवलं आणि पायडल पुढे फिरवलं. माझ्या बोटाखालून साखळी मागे सरकत गेली. "गाडी पुढं जाती, साहेब," ते हळूच म्हणाले, "पर खालची चेन मागं जाती की." म्हणजे मी लॉकचं उघडं तोंड चालीकडे केलं होतं, कशाला तरी घासलं की निघूनच यायचं. मी कानापर्यंत लाल झालो. एल.एल.बी. झालेला माणूस, आणि सायकलवाल्या पोराला कळेल ते कळू नये! माझा चेहरा बघून मिस्त्री म्हणाले, "हुतंय. मी बी शिकताना येकदा उलटं लावलंय." ते खरं होतं की मला लाजेतून बाहेर काढण्यासाठी बनवलेलं, देव जाणे. पण स्वतःच्या हाताची अब्रू त्यांनी माझ्यासाठी अशी सहज पुढे केली. आणि मी त्याच संध्याकाळी काय केलं ते ऐका.

क्लबात मंडळी वाटच बघत होती. मेंढरांचा किस्सा मी रंगवून सांगायला लागलो, लोक पोट धरून हसायला लागले. मधेच कुणीतरी विचारलं, "पण साखळी निघालीच कशी? चढवली कुणी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्रीनं. आणखी कोण चढवणार?" विचार करून बोललो असंही नाही. एवढा वेळ हसू मेंढरांवर होतं, ते आता माझ्यावर येणार असं दिसलं आणि जीभ आपोआप वळली. मग एकदा मिस्त्रींनी चढवली म्हटल्यावर ती सुटली का हेही सांगायला हवं. तिथे कुंकू आलं. मिस्त्रीनं साखळीची पूजा केली, कुंकवाचा चिखल केला, तसंच वर लॉक दाबलं, ते कुंकवावरून घसरलं... हशा काय विचारता! आठ दिवसांत तो सगळा किस्सा मी लिहून काढला आणि दिवाळी पुरवणीत तो पहिल्या पानावर आला. 'कुंकूमिस्त्री' हा शब्द लिहिताना मी स्वतःशीच हसलो होतो, हेही आठवतं. रस्त्यात लोक थांबवून पाठ थोपटत. वाः, वकीलसाहेब! आणि तिकडे मंगळवार पेठेत पोरंटोरं दुकानावरून जाताना ओरडत, "मिस्त्री, आमच्या चाकाला हळद लावून द्या की!"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं असं मी म्हणणार होतो, पण नाही, तेही चाललं नसतं. आणि ते थांबलंही नाही. त्या सुमाराला एक गृहस्थ उतारूंसाठी सर्व्हिस मोटारी सुरू करणार होते. त्यांच्या कारखान्यावर मुख्य मिस्त्री म्हणून मलकप्पांचं नाव जवळजवळ ठरलं होतं. मिस्त्रींनी स्वतःच मला सांगितलं होतं, लहान मुलासारखा चेहरा करून, "माझ्या हाताखाली चार मानसं आसनार, साहेब. आन् मोठी हत्यारं. विलायती." दिवाळीनंतर ते मोटारवाले गृहस्थ मला एका लग्नात भेटले. पंगतीला शेजारीच बसले आणि हसत हसत म्हणाले, "वकीलसाहेब, लेख फक्कड झालाय. पण एक विचारतो, हे साखळीचं खरं का हो? उतारूंचे जीव त्या माणसाच्या हाती द्यायचे म्हणून विचारतो." सरळ प्रश्न होता. हो किंवा नाही, एवढंच उत्तर. मी रोज कोर्टात साक्षीदारांना दरडावतो, हो की नाही तेवढं बोला. आणि मी काय बोललो? "अहो, विनोदी लेख म्हटला की थोडं तिखटमीठ आलंच." ते समजायचं ते समजले. मी पुढचं वाढणं घेतलं आणि मिठाची गुळणी धरून बसलो. पंधरा दिवसांनी कळलं की त्यांनी पुण्याहून माणूस आणला.  क्लबातलं बोलणं जिभेची चूक म्हणता येईल, लेख हा चेष्टेचा मोह म्हणता येईल. पण त्या पंगतीत मला सगळं माहीत होतं. कुणाचं काय जातंय तेही माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं... आणि ते बोललो असतो तर लोक मला हसले असते, एवढीच काय ती अडचण होती!

त्यानंतरच्या रविवारी मी दुकानाकडे फिरकलो नाही. पुढच्याही नाही. शेवटी साखळी करकरायला लागली तेव्हा गेलो, मनाला समजावत गेलो. मिस्त्रींना मराठी वाचता येत नाही. कुंकवाची थट्टा त्यांच्या कानावर गेली असेल, पण साखळी कुणी चढवली असं छापलंय, हे त्यांना कोण वाचून दाखवणार? मिस्त्री नेहमीसारखे कानडीत "बर्री, साहेब" म्हणाले, म्हणजे या. नेहमीसारखी साखळी धुतली, बुडवली, पुसली, खिळ्यांवर टांगून बघितली, चढवली. मग लॉक घेतलं आणि ते स्वतः न लावता माझ्या तळहातावर ठेवलं. "हे तुमी लावा." मी म्हटलं, "मी कशाला? तुम्हीच लावा की." ते म्हणाले, "न्हाय. हे तुमीच लावा, साहेब." आवाजात राग नव्हता. मी उकिडवा बसलो. पत्ती माझ्या हातून दोनदा धुळीत पडली. त्यांनी ती दोन्ही वेळा पुसून परत माझ्या हातावर ठेवली. लागली तेव्हा त्यांनी चाक फिरवलं, कान दिला आणि म्हणाले, "आयतु."

तेव्हापासून नऊ वर्षं, दर दुसऱ्या रविवारी, माझ्या गाडीचं लॉक मीच लावलं. बाकी सगळ्या कामाला ते मला हात लावू देत नसत, आणि ते एवढं एक काम स्वतः कधीही करत नसत. दुसऱ्या कुणाच्या गाडीला असं नव्हतं. मी नीट बघून ठेवलं होतं. लॉक तळहातावर आलं की दर वेळी मला वाटे, आता बोलावं. मिस्त्री, चुकलो, एवढं म्हणावं. ते समोर बसलेले असत, गुडघ्यांवर हात ठेवून, घाई अजिबात नाही. मी पत्ती दाबून बसवत असे, ते "आयतु" म्हणत आणि माझी सुटका होई. एकदा पावसानं पडवीत आम्ही दोघेच अडकून पडलो होतो, तेव्हा मी "मिस्त्री, तो लेख..." इथपर्यंत आलोही होतो. तेवढ्यात कुणी तरी सायकल ढकलत आलं आणि मला, खरं सांगतो, इतकं हायसं वाटलं! आणखी एक. दर दिवाळीला ते मला न चुकता विचारत, "औंदा काय लिवलं, साहेब?" मी म्हणे, "काही नाही मिस्त्री, असंच काहीबाही." ते मान हलवत. वाचता न येणाऱ्या माणसाला माझ्या लेखनाची एवढी चौकशी, म्हणून मला आतून थोडं बरंही वाटे. म्हणजे बघा, माणूस किती बेशरम असू शकतो.

बातमी कळली त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दुकानामागेच घर. त्यांच्या पत्नी नागव्वाबाई पुढे आल्या.  त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यातून तपकिरीची एक गोल डबी आणून माझ्यापुढे ठेवली. "ह्ये तुमचं हाय, साहेब. त्येनी सांगून ठिवलं हुतं." डबीत तेलकट फडक्यात गुंडाळलेली पाच-सहा नवी लॉकं होती, माझ्या साखळीच्या मापाची. आणि फडक्याखाली घडी घातलेला वर्तमानपत्राचा एक कागद. उघडायची गरज नव्हती. माझं नाव घडीवरच दिसत होतं.

"हे... हे त्यांना वाचता येत होतं?" मी विचारलं.

"न्हाय की. शाळंच्या मास्तरांकडनं वाचून घेतलं. दोनदा."

"आणि मग? काय म्हणाले?"

"हासले. लई हासले. तुमी मेंढरांत पडला त्ये ऐकून डोळ्यांत पानी आलं त्येंच्या." नागव्वाबाई स्वतःही किंचित हसल्या. "मंग म्हनले, साहेबांनी लई ब्येस लिवलंय. पर चेन मी न्हवती चढवली. तेवढं साहेब मागनं लिवतील."

मी मान खाली घातली.

"दर दिवाळीला मास्तरांकडं जायचे," त्या सांगत होत्या, "साहेबांचं काय आलंय का बगा म्हनायचे. मी म्हनायची, कशाला जाताय? तर म्हनायचे, त्येस्नी ठाव हाय, माझ्या म्होरं सोता लॉक लावत्यात, येक दिस लिवतील." आणि मग त्या बाईनं, अगदी साधेपणानं, शेजारणीला मीठ संपलं का विचारावं तसं विचारलं, "लिवलं का तुमी, साहेब?"

उलटतपासणीत मी भल्याभल्यांना गारद केलंय. असा प्रश्न मला आजवर कुणाला विचारता आलेला नाही. मी म्हटलं, "लिहितोय."

तर लिहितो. ज्या पुरवणीत खोटं छापलं, त्याच पुरवणीत, माझ्या सहीनं. त्या खंडेनवमीला साखळी मी चढवली. लॉक मी उलटं लावलं. साखळीवर कुंकू नव्हतं, ते मी स्वतः पुसलं होतं. मलकप्पा मिस्त्रींनी त्या दिवशी पूजेनंतर कुठल्याही हत्याराला हात लावला नव्हता, मी बोलावूनही लावला नव्हता. त्यांनी जोडलेली साखळी कधी सुटली नाही, माझी नाही आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाचीही नाही. ते सर्व्हिस मोटारवाले गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. त्याला नऊ वर्षं उशीर झाला. आणि कुंकूमिस्त्री म्हणून हसणाऱ्यांनी यापुढे हसायचं असेल तर मला हसावं, माझी काही तक्रार नाही. ते हसू माझ्याच वाट्याचं होतं, मी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलं होतं.

लॉकं नागव्वाबाईंनी मला दिली, कागद मात्र ठेवून घेतला. म्हणाल्या, दुसरा आला की दोन्ही एकत्र ठेवीन. हे पान छापून आलं की मी ते घेऊन जाणार आहे आणि मास्तरांना न बोलावता स्वतःच वाचून दाखवणार आहे. ज्यांना ऐकवायचं होतं ते ऐकणार नाहीत. त्याला आता माझ्याकडे इलाज नाही.

परवाचा रविवार साखळीचा होता. मी घरीच परात घेऊन बसलो. घासलेटात धुतली, निथळत ठेवली, एरंडेल आणि मेण पातळ केलं, बुडवली, पुसली. बाहेरचा थेंबन् थेंब पुसला. चढवली. डबीतलं एक नवं लॉक काढलं आणि लावलं, खालच्या बाजूला, बंद तोंड मागच्या चाकाकडे, साखळीच्या चालीकडे. पत्ती एकदाही खाली पडली नाही. मग चाक फिरवलं आणि कान दिला. चाक फिरून फिरून थांबलं. पत्नी दोनदा बोलावून गेली, तरी मी तिथेच उकिडवा बसून राहिलो... कुणी 'आयतु' म्हणेना.